फुगडीचा भार

फुगडी घालायला अक्कल लागत नाही, असं म्हणणाऱ्या माणसानं आयुष्यात फुगडी घातलेली नसते, हे मी छातीठोकपणे सांगते. समोरासमोर उभं राहायचं, पायाला पाय भिडवायचे, हातांची अढी घालून एकमेकींचे पंजे घट्ट धरायचे, इथवर सगळ्यांना जमतं. पुढची गोष्ट अवघड. मागं झुकायचं. सगळा भार समोरचीच्या हातात टाकून द्यायचा, आणि तिनं टाकलेला भार आपण पेलायचा. दोघी सारख्या झुकल्या की पाय आपोआप फिरतात. एकीनं जरी स्वतःचा भार स्वतःजवळ राखून ठेवला तरी फुगडी अडखळते, आणि झुकलेली बिचारी तोंडघशी नाहीतर पाठीवर पडते. मी पडलेली आहे. म्हणून तर सांगते.

आमच्या लालबागच्या चाळीत ही विद्या जाईबाईंची. आम्ही पोरी त्यांना जाईमावशी म्हणत असू. गिरणीत वायंडिंग खात्यात त्या सूत गुंडाळायच्या, आणि अंगानं अशा की जिन्यातून त्या चढत असल्या तर उतरणाऱ्यानं मुकाट्यानं वर परतायचं. नवरा मालवणाकडे शेती बघायचा आणि वर्षातून एकदा भांडायला मुंबईला यायचा. मूलबाळ नव्हतं. त्याची कसर त्यांनी चाळीतल्या पोरींवर भरून काढली होती. श्रावण लागला की संध्याकाळी गिरणी सुटल्यावर त्या घरीसुद्धा न जाता थेट चाळीच्या चौकात येऊन उभ्या राहायच्या, पदर खोचायच्या आणि हाक मारायच्या, ‘‘येवा गो म्हशींनो!’’ की आम्ही सगळ्या म्हशी धावत खाली.

मी, चंपा, तेव्हा दहा वर्षांची. मला फुगडी एका संध्याकाळी आली. ह्यात माझी हुशारी काही नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मात्र मी चाळभर मिरवून घेतलं. जाईमावशी ओरडायच्या, ‘‘चंपे, पाय उचल! गोणपाट आसस काय?’’ आणि मी खिदळायची. ओरडण्याची मला सवयच होती. माझी आई सकाळी उठल्यापासून माझ्या नावानं शंख करायची आणि झोपताना माझं डोकं मांडीवर घेऊन तेल चोपडायची. माणूस ओरडतं आणि तरीही आपलंच राहतं, हे मला दुधाच्या दातांपासून ठाऊक होतं. त्यामुळे जाईमावशी झुक म्हणाल्या आणि मी झुकले. पडेन असं मनातसुद्धा आलं नाही.

त्या साली, म्हणजे छप्पन साली, ज्येष्ठात शेजारच्या खोलीत शेवंती आली.

शेजारची खोली रखमाकाकीची. शेवंती तिच्या दिरांची, शिवाकाकांची मुलगी. आई ती लहान असतानाच गेली. शिवाकाका गिरणीत रात्रपाळीला, राहायला गावकऱ्यांच्या गाळ्यात. तिथे सगळे बाप्ये, पोर ठेवणार कुठे? म्हणून शेवंती देवगडाकडे आजीपाशी वाढली. आजी गेली, तेव्हा मामाकडे. मामीला दिवस गेले, तेव्हा मावशीकडे. मावशीची सासू आजारी पडली, तेव्हा मुंबईला काकीकडे. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं ती आली. माझ्याच वयाची, काळीसावळी, डोळे मोठे, बोलणं मोजकं.

आणि शहाणी! इतकी शहाणी की माझा जीव नकोसा झाला. उठवायच्या आधी उठायची, अंथरूण घडी करून ठेवायची, नळावर जाऊन पाणी आणायची. लाडू दिला तर अर्धा खाऊन ‘पुरे’ म्हणायची. रडणं नाही, रुसणं नाही, मागणं नाही. माझी आई उठताबसता म्हणायची, ‘‘बघ, ती शेवंती बघ. नाहीतर आमची!’’ खरं सांगते, मला ती मुलगी अजिबात आवडली नाही. कुणाला आवडेल?

कौतुक न करणारं एकच माणूस निघालं, जाईमावशी. त्या एकदा आईजवळ बसल्या असताना शेवंती पाण्याची कळशी घेऊन खाली मान घालून गेली. आई म्हणाली, ‘‘किती गुणी पोर!’’

जाईमावशी तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘ता चेडू गुणी नाय गो. पावणा आसा. पाहुणा कसा, यजमानाक त्रास नको म्हणान अर्धाच जेवता, तसा.’’

मला तेव्हा ते काही समजलं नाही.

श्रावण लागला तसं जाईमावशींनी शेवंतीला चौकात उतरवलं आणि जोडीला मला दिलं. मी चाळीतली पट्टीची फुगडीवाली, म्हणून. आम्ही हात धरले. मी बेधडक मागं झुकले. शेवंती ताठ. खांबाशी फुगडी घातल्यासारखं झालं. तिचे हात माझ्या हातात होते, पण सैल. तिचा सगळा भार तिच्या स्वतःच्या टाचांवर. दोन गिरक्या कशाबशा झाल्या आणि मी धाडकन फरशीवर. टेंगूळ आलं. शेवंती घाबरून माफी मागू लागली, तेही अशा आवाजात की मला चिडतासुद्धा येईना.

मग चाळीतल्या शहाण्यांचं मंडळ बसलं. माझ्या आईचं मत, पोरीला चक्कर येते, लिंबू चोखायला द्या. तळमजल्यावरचे अप्पा म्हणाले, पायात जोर नाही, नाचणीची पेज पाजा. रखमाकाकीनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. लिंबू, नाचणी, मोहऱ्या, सगळं शेवंतीनं निमूट करून घेतलं. फुगडी होती तिथंच.

जाईमावशींनी मग तिला स्वतःकडे घेतलं. त्यांचा समज असा की मोठं, दणकट माणूस समोर असलं की पोर निर्धास्त झुकेल. कसलं काय! शेवंती त्यांच्यासमोरही तशीच ताठ. जाईमावशींनी आपल्या नेहमीच्या सुरात तोंड सोडलं, ‘‘झुक गो म्हशी! मी काय खातंय तुका?’’

शेवंती म्हणाली, ‘‘चुकला माझा.’’ आणि दुसऱ्या दिवशी चौकात उतरलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर म्हणे, काकीला मदत करायची आहे.

जाईमावशी चक्रावल्या. ज्या शिव्या खाऊन आम्ही सगळ्या पोरी धष्टपुष्ट झालो होतो त्या ह्या पोरीच्या अंगी लागत नव्हत्या. बाकीच्या बायका म्हणाल्या, ‘‘सोड गो, पालथ्या घड्यावर पाणी.’’ पण जाईमावशी हट्टाला पेटल्या. त्यांनी नवीनच काढलं. गिरणीतून आल्या की आधी वर रखमाकाकीच्या दारात जायच्या. शेवंती तांदूळ निवडत बसलेली असायची. तिच्याशेजारी बसकण मारायच्या, सुपातले मूठभर तांदूळ स्वतःपुढे ओढायच्या आणि निवडायला लागायच्या. बोलणं काही नाही. ज्या बाईच्या तोंडाला गिरणीतली नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादमीणसुद्धा टरकायची, ती बाई गप्प! थोड्या वेळानं उठायच्या, ‘‘येतंय उद्या,’’ म्हणायच्या आणि खाली येऊन आम्हाला म्हशी म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तांदूळ.

मला ह्याचा भयंकर राग यायचा. आम्ही खाली वाट बघतोय आणि ह्या वर तांदूळ निवडतायत. मी आईला तसं म्हटलं. आई म्हणाली, ‘‘तुला एक आई आहे, वर जाईबाई आहे. तिला कोण आहे? गप बस.’’

हळूहळू असं व्हायला लागलं की गिरणीचा भोंगा झाला की शेवंती गॅलरीच्या कठड्यापाशी दिसायची. वाट बघत नसायचीच ती, छे! कपडे काढायला आलेली असायची. वाळत घातलेले कपडे तिनं स्वतःच दुपारी काढलेले असले तरीही.

मग एका संध्याकाळी ती आपण होऊन खाली आली. जाईमावशींनी हाक मारली नाही, कौतुक केलं नाही, फक्त हात पुढं केले. शेवंतीनं धरले. पाय फिरू लागले आणि माझ्या डोळ्यांनी बघितलं, तिची पाठ जराशी मागं गेली. जराशीच. लगेच ताठ झाली. पण गेली होती.

जाईमावशींना आनंद लपवता येईना. ‘‘उद्या गरगर फिरूया,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उद्या मी येतंय. नक्की.’’

आणि नेमक्या त्या ‘उद्या’ला त्या आल्या नाहीत.

मुंबई महाराष्ट्राला द्यायची सोडून गुजरातसकट एक मोठं द्विभाषिक राज्य करणार, ही बातमी त्याच दिवसांत आली होती. सगळं गिरणगाव पेटलं होतं. रोज कुठेतरी सभा, कुठेतरी काळे झेंडे. जाईमावशी खात्यातल्या बायकांबरोबर मोर्चात गेल्या, पुढच्या रांगेत, अर्थातच. घोषणा देताना त्यांचा आवाज परळ नाक्यापासून ऐकू आला असं अप्पा सांगायचे. पोलिसांनी पुढची रांग उचलली आणि भायखळ्याच्या तुरुंगात नेऊन ठेवली. ही बातमी चाळीत आली तेव्हा भोंगा होऊन बराच वेळ झाला होता. तोवर मी चौकात पाय आपटत होते. शेवंती कठड्यापाशी उभी होती.

मी धावत वर जाऊन तिला सांगितलं, ‘‘मावशीला पकडलं!’’

‘‘हां,’’ शेवंती म्हणाली. आत गेली आणि तांदळाचं सूप पुढ्यात घेतलं.

‘‘अगं, पकडलं! पण सोडतील. येईल ती.’’

‘‘नाय येवच्या,’’ ती खडे वेचत म्हणाली. ‘‘माका ठाऊक होता.’’

कुणी मेल्याचं सांगावं, तेही जुनं झाल्यावर, अशा आवाजात म्हणाली. मी तणतणत घरी आले आणि आईच्या कुशीत तोंड घालून भरपूर रडले. त्या रडण्यानं मला बरं वाटलं. शेवंती रडली नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट माझ्या कानावर आली. रखमाकाकी आईशी हलक्या आवाजात बोलत होती. बाई वाईट नव्हती हो. एवढ्याशा खोलीत स्वतःची तीन पोरं, नवरा, वर दिराची पोर. पण तिला जागेची अडचण नव्हती, वेगळीच होती.

‘‘ह्या चेडू रडणा नाय, हट करणा नाय,’’ काकी म्हणाली. ‘‘मी जवळ घेतलंय तर लाकडासारखा उभा ऱ्हवता. माका वाटता, तिका मी नकोच आसंय. अशा परक्यासारख्या पोराक धरून ठेवचा कित्याक? गणपती झाले की बोटी सुरू होतत. मामा न्हेतलो म्हणता. शिवा पण तयार आसा. तो बिचारो म्हणता, ‘माझ्याकडे बघणा पण नाय ती, हय ऱ्हवान काय करतली?’ ’’

म्हणजे पोर सगळ्यांना दुखवू नये म्हणून गप्प, आणि सगळे तिला आपण नकोसे आहोत म्हणून नाराज. असला घोळ आमच्या कोकणी माणसांनीच घालावा! गौरी-गणपती झाले की शेवंती पुन्हा बोटीत बसणार, आणखी एका घरी अर्धा लाडू खायला. मला ती आवडत नव्हती, हे खरं. पण तिनं बोटीत बसू नये असं वाटलं, हेही खरं.

आठवड्याभरानं जाईमावशी सुटल्या. गळ्यात झेंडूचे हार, मागं घोषणा देणाऱ्या बायका. चाळीत शिरल्या तशी मी त्यांच्यावर झेप घेतली आणि दोन्ही मुठींनी पोटावर बडवायला लागले. ‘‘कुठे होतीस? नक्की येते म्हणालीस ना? खोटारडी!’’

जाईमावशी हसत मार खात राहिल्या. मग त्यांनी वर बघितलं. शेवंती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. ती खाली आली, एक पायरी राखून थांबली आणि नम्रपणे म्हणाली, ‘‘बरा झाला, तुमी इलात.’’ मग भात उतू जाईल म्हणून परत वर गेली.

जाईमावशींचं हसू मावळलं. हार काढून त्यांनी माझ्या आईकडे दिले. ‘‘बघितलंस?’’ त्या म्हणाल्या. ‘‘चंपान माका बडवल्यान. म्हणजे तिका ठाऊक आसा, मी तिची. आणि त्या चेडवान माका पावणी केल्यान.’’ भरलेल्या डोळ्यांनी त्या तशाच उभ्या राहिल्या. लाठ्या घेतलेल्या पोलिसांना शिव्या घालणारी बाई त्या एका ‘बरा झाला’नं हलली.

मग त्यांनी घर गाठलं नाही, आंघोळ केली नाही, चहासुद्धा घेतला नाही. चौकात जाऊन पदर खोचला आणि हाक मारली, ‘‘शेवंते! खाली ये.’’

शेवंती आली. सांगितलेलं सगळं ऐकायचीच ती.

‘‘इतके दिवस मी तुका धरीत होतंय,’’ जाईमावशी म्हणाल्या. ‘‘आज तू माका धर. मी झुकतंय. तू सोडलंस तर मी पडतलंय. समाजला?’’

हात धरले. पाय भिडवले. आणि जाईमावशींनी, ते सगळं अवाढव्य शरीर, काही हातचं न राखता मागं टाकून दिलं.

शेवंतीनं हात सोडले.

जाईमावशी पडल्या तो आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेला. आम्ही पोरी फिसकन हसलो. रखमाकाकी लाटणं घेऊनच खाली धावली. ‘‘मेले, हात सोडलंस? तिचा काय मोडला बिडला तर?’’

जाईमावशींनी बसल्या जागेवरून हात वर केला. ‘‘तिका बोलू नको गो रखमा. ढुंगण माझा आसा, मी बघतंय.’’ कशाबशा उठल्या, लुगडं झटकलं, हात पुढं केले. ‘‘परत.’’

पुन्हा झुकल्या. शेवंतीनं पुन्हा सोडले.

ह्या वेळी कुणी हसलं नाही, कारण ह्या वेळी तिनं मुद्दाम सोडले होते. आम्ही सगळ्यांनी बघितलं. ती तिथंच उभी राहून पडलेल्या जाईमावशींच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आता चिडतील, आता थोबाडीत मारतील, आता म्हणतील, जा, तुझ्या नादी लागण्यात अर्थ नाही. ती त्याची वाट बघत होती. कुठल्याही गोष्टीची उघडउघड वाट बघताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जाईमावशी कण्हत उठल्या. ‘‘भायखळ्याची फरशी ह्याच्यापेक्षा मऊ होती,’’ म्हणाल्या. आणि हात पुढं केले. ‘‘परत.’’

आता बघा, एवढ्या जड बाईनं भार टाकल्यावर एवढीशी पोर तिला ताकदीनं धरू शकत नाही. धरायचा एकच मार्ग असतो. आपणही मागं झुकायचं, होतं नव्हतं तेवढं सगळं. जाईमावशी झुकल्या. शेवंतीची बोटं सुटायला आली. आणि मग तिनं डोळे घट्ट मिटले, दात ओठांत रुतवले आणि पाठ मागं टाकून दिली. वेणी जमिनीला लागेल इतकी.

फिरल्या हो! अशा फिरल्या की जाईमावशींच्या लुगड्याचा घेर आणि शेवंतीचा परकर वेगळा दिसेना. वरच्या गॅलऱ्यांतून बाया ओरडायला लागल्या. मी किंचाळत टाळ्या पिटत होते, आणि मनातून जळतही होते. माझ्यासाठी नव्हतं कुणी असं दोनदा आपटून घेतलं! पण मला त्याची गरजच पडली नव्हती, हे त्या वयात कोण समजावणार?

त्यानंतर शेवंतीचं गाडं असं सुटलं की विचारू नका. गणपती येईपर्यंत तिला बैठी फुगडी आली, एकहाती फुगडी आली, कोंबडा आला. जाईमावशींनी रचलेली गाणी ती एकदा ऐकून पाठ म्हणायची:

आंब्याच्या फांदीला टांगला झुला,
मुंबई सोडून महाराष्ट्र कुणाला?

आणि असं म्हणताना ‘मुंबई’ ह्या शब्दावर पाय असा आपटायची की अप्पा म्हणायचे, हिला दिल्लीला पाठवा. सगळं शिकायची, पण शिकायची फक्त जाईमावशींपाशी. त्या असल्या की पोपट, गेल्या की पुन्हा खालमानेनं पाणी, तांदूळ, अंथरूण. रखमाकाकीचं मन काही वळलं नाही. ‘‘फुगडी घालता, पण बोलणा खंय?’’ ती म्हणायची. मामाला निरोप गेला होता. शिवाकाकांनी बोटीची चौकशीही केली होती. शेवंतीला सांगितलं तेव्हा तिनं ‘हां’ म्हटलं.

जाईमावशी रखमाकाकीशी भांडल्या, शिवाकाकांशी भांडल्या. पण पोर स्वतः ‘हां’ म्हणतेय म्हटल्यावर त्यांचा तरी काय इलाज?

गौरी जेवणाच्या दिवशी चाळीच्या मांडवात बायकांची झुंबड. जाईमावशी ऊन उतरताच येणार होत्या आणि पहिली फुगडी त्यांची आणि शेवंतीची असं ठरलं होतं. शेवंतीनं माझा जुना जरीचा परकर घातला होता, केसांत आबोली. ऊन उतरलं. जाईमावशी नाहीत. झिम्मा सुरू झाला. जाईमावशी नाहीत. मी शेवंतीला म्हटलं, ‘‘चल, आपण घालू.’’ तिनं मान हलवली. मला वाटलं, आता ही गुपचूप वर जाईल आणि सूप घेऊन बसेल.

ती वर गेली नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, नजर चाळीच्या दिंडीदरवाजावर लावून. बायका ये-जा करताना तिला ओलांडत होत्या, ती हलेना. शिवाकाका आले, शेजारी उभे राहिले. त्यांच्याशी ती बोलली नाही. रखमाकाकीनं करंजी आणून दिली, ती तिनं तशीच हातात धरली. दिवे लागले. तिचं नाक लाल व्हायला लागलं होतं.

मग जाईमावशी आल्या. घामाघूम, हसतमुख, केसांतला गजरा विस्कटलेला. ‘‘अगो काय सांगू,’’ त्या दिंडीतूनच बोलायला लागल्या, ‘‘परळच्या चाळीतल्या बायांनी सोडल्यानीच नाय! एक फुगडी, एक फुगडी करीत...’’

शेवंती उठली. हातातली करंजी तिनं जमिनीवर अशी आपटली की सारण उडालं.

‘‘खंय होतंस?’’

अख्खा मांडव वळला. झिम्म्याच्या टाळ्या थांबल्या.

‘‘दिवे लागले! खंय होतंस तू? मी कवाधरना वाट बघतंय! दुसऱ्या चाळीत फुगडी घालूक गेल्लंस? दुसऱ्या चेडवांवांगडा? माका सांगूक नको?’’ आवाज चिरकत होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जाईमावशींचा पदर धरून हिसके देत होती. ‘‘परत जाशीत तर बघ! परत गेलंस तर मी... मी तुझ्याशी बोलूचंयच नाय!’’

जाईमावशी ती बोलणी अशी ऐकत होत्या जशी आरती चालली आहे. गालांवरून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचं भान नव्हतं. ‘‘चुकला माझा,’’ एवढंच म्हणाल्या.

पण शेवंतीचं संपलं नव्हतं. आता बांध फुटलाच होता. ती गर्रकन शिवाकाकांकडे वळली.

‘‘आणि बाबा, मी बोटीत बसूचंय नाय! मामाकडे जावचंय नाय! मी हयसरच ऱ्हवतलंय! माका कोणी इचारला? सगळी नुसती हयसून थंय, हयसून थंय! मी काय कणग्याची गोण आसंय?’’ आणि तिनं खालच्या पायरीवर फतकल मारली, पाय आपटले आणि जे भोकाड पसरलं, ते आजीपासूनचं सगळं साठलेलं असावं. चाळीत पोरं रोज रडायची, पण असलं दणदणीत रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

शिवाकाका तिच्यासमोर उकिडवे बसले. मोठ्या हिमतीनं त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही. उलट त्यांचं मनगट पकडून ठेवलं आणि आणखी मोठ्यानं रडली.

रखमाकाकी पुढं आली. कमरेवर हात. तिचा चेहरा मला नीट आठवतो, एखाद्या मुक्या माणसानं अचानक गाणं म्हटल्यावर व्हावा तसा झाला होता. आधी ती त्या फुटक्या करंजीकडे बघत राहिली. मग नेहमीच्या, स्वतःच्या पोरांशी बोलायच्या सुरात कडाडली, ‘‘हयसर ऱ्हवाचा आसा तर गप ऱ्हव आधी! आणि ता सारण पुसून काढ. रडान झाला काय उद्याच्या पाण्याच्या कळशयो पण भरून ठेव!’’

शेवंतीनं नाक ओढलं, काकीकडे लाल डोळ्यांनी बघितलं आणि ओरडली, ‘‘भरूचंय नाय!’’

मग रखमाकाकी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, हलत हलत, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. खाली बसली, शेवंतीला ओढून मांडीवर घेतलं, आणि ती लाकडासारखी उभी राहणारी पोर काकीच्या पोटात तोंड खुपसून तिचं लुगडं ओलं करत राहिली.

‘‘शिवा,’’ तिच्या डोक्यावरून हात फिरवत काकी म्हणाली, ‘‘मामाक कळव. चेडू येणा नाय.’’